भेगेच्या टोकाला पाडलेलं भोक

एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा. भुसावळहून साडेपाचला निघालो होतो. बांभोरीच्या गिरणा पुलावर धुकं इतकं दाट होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. पाळधी गेली, एरंडोल गेलं, ऊन वर आलं आणि आखडलेली बोटं सैल झाली. मी पुढे आणि धाकटा भाऊ त्याच्या गाडीवर मागे. जायचं होतं कच्छला, थेट भूजपर्यंत. जाऊन येऊन बारा दिवसांचा बेत, आणि त्यातले पहिले अडीच तास झाले होते.

समोर खडीचा डंपर चालला होता. वर ताडपत्री नव्हती. ओव्हरटेक करावं म्हणून मी आरशात पाहत होते, तेवढ्यात 'टाक्' असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. मोटरसायकलच्या पुढच्या, वारा अडवणाऱ्या काचेवर डाव्या बाजूला वर टिकलीएवढा पांढरा ठिपका उठला. त्या दगडाला हेल्मेटपर्यंत येता आलं नाही, एवढंच मनात आलं आणि मी गाडी मागे घेतली. ठिपका बारीक होता, नजरेच्या आड येत नव्हता. मला वाटलं, निभावलं.

पारोळा यायच्या आधी रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी आहे, तिथे थांबलो. हेल्मेट काढून वाकले आणि पोटात गोळा आला. ठिपका होता तिथेच होता. भेग मात्र दुसरीकडेच गेली होती. खालच्या डाव्या बोल्टच्या भोकातून निघून ती तिरकी वर चढली होती, चांगली वीतभर.

टपरीवरच्या मावशी किटली हातात घेऊनच बाहेर आल्या. "काय व्हयनं वं माय? काच फुटनी का?" असं विचारत त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि मग म्हणाल्या, "बठा, आधी चहा पी ल्या." आम्ही बसलो.

पहिली चूक तिथेच झाली. भावाच्या बॅगेत झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब होती. बुटाचा तळवा सुटला तर असू द्यावी म्हणून त्याने घेतलेली. ती आम्ही भेगेत पिळली. दोन मिनिटांत भेगेच्या दोन्ही बाजूंना पांढरट धूर बसल्यासारखं झालं, हिवाळ्यात आरशावर श्वास सोडल्यासारखं, फक्त पुसून न जाणारं. या गोंदाची वाफ आजूबाजूच्या पृष्ठभागावर बसून गोठते आणि असा डाग पडतो, हे नंतर कळलं. त्याहून वाईट म्हणजे वाळल्यावर हा गोंद कडक आणि ठिसूळ होतो. गाडीचा पुढचा भाग सतत थरथरत असतो, आणि त्या थरथरीपुढे तो टिकत नाही. गाडी सुरू करून नुसती रेस दिली तर भेग पुन्हा उघडली, आता तिच्या कडेला पांढरी किनारही होती.

मग मी बाबांना फोन लावला. बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. लोखंडाच्या भेगा बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "टोक कुठंय?"

"कसलं टोक?"

"भेगेचं. अगं, भेग किती लांब आहे हे पाहू नकोस. तिचं टोक कुठं आहे ते पाहा. सगळा जोर टोकाला असतो. पेनाने तिथं आडवी रेघ मार, वेळ लिही. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत बघ. टोक रेघेच्या पुढे गेलं असेल तर ती चालू आहे, नसेल तर तुला वेळ मिळाला. आणि धुळ्यात कुणाकडून तरी टोकाला भोक पाडून घे."

भेगेला आणखी भोक पाडायचं, हे ऐकून भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. बाबांनी स्पीकरवरच समजावलं. भेगेचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं. काचेवर येणारा सगळा ताण त्या एका बिंदूवर येऊन साठतो, म्हणून ती पुढे पुढे फाटत जाते. त्या टोकाशी गोल भोक पाडलं की अणी उरतच नाही आणि ताण गोलाभोवती वाटला जातो. विमानाच्या पत्र्याला बारीक भेग गेली तर ती थांबवायलाही हीच रीत वापरतात. ड्रिल आमच्याकडे नव्हतं. भावाने रुंद पारदर्शक चिकटपट्टी आतून-बाहेरून लावली, मी मार्करने टोकाशी रेघ ओढून '८.४०' लिहिलं, आणि साठच्या पुढे जायचं नाही असं ठरवून निघालो.

मुकटीच्या अलीकडे थांबून पाहिलं. भेग रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती.

त्या दोन बोटांनी माझा निर्णय सोपा केला. एरवी आपण रेटत राहतो. अजून धरलंय, धुळं काय जवळच आहे, असं म्हणत. पण काच वेगात सुटून अंगावर आली, किंवा मागे भावाच्या तोंडावर गेली, तर? आम्ही चारही बोल्ट सोडले, काच शालीत गुंडाळून मागच्या बॅगवर आडवी बांधली आणि तशीच गाडी चालवली.

काच नसली म्हणजे काय होतं, ते त्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये समजलं. दोन वर्षं मला वाटायचं, ती शोभेला आहे, फार तर किड्यांसाठी. संध्याकाळी कापसाच्या आणि केळीच्या शेतांच्या मधून जाताना खरंच किड्यांचा मारा होतो. पण खरं काम छातीवर येणारा वारा अडवायचं. सत्तरला तो वारा जॅकेटच्या चेनमधून आत शिरतो, हेल्मेट वर ढकलतो, खांदे मागे ओढतो, आणि त्याला तोंड देत राहायला हात हँडल आवळून धरतात. समोरून ट्रक आला की थप्पड बसते. धुळ्याच्या पारोळा चौफुलीला पोहोचले तेव्हा मान दोन्ही बाजूंनी दुखत होती. अजून आठशेच्या आसपास किलोमीटर बाकी होते. काचेशिवाय गाडी चालते, कायद्यानेही काही अडत नाही, हेल्मेटचा वायझर डोळे सांभाळतोच. पण बारा दिवस त्या वाऱ्यात बसायची माझी तयारी नव्हती, आणि परत फिरायचंही नव्हतं.

धुळ्यात दुपारपर्यंतचा वेळ वाया गेला. शोरूममध्ये सांगितलं, काच स्टॉकला नसते, मागवावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील. ॲक्सेसरीच्या तीन दुकानांत गेलो. एकाने दुसऱ्याच गाडीची काच काढून धरून पाहिली, भोकं जुळेनात. एका गॅरेजमध्ये मुलगा म्हणाला, भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून झिप टायने शिवून देतो. ही रीत खोटी नाही. फेअरिंगचं, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या कवचाचं, प्लास्टिक असं शिवलेलं मी पाहिलंय आणि ते टिकतंही. पण त्याने टेबलावर ड्रिल ठेवलं, नवं कोरं धारदार बिट लावलं आणि खाली काही आधार न देता काच मांडीवर धरली, तेव्हा मी ती परत मागून घेतली. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण हात पुढे गेला.

तोडगा शेवटी भावाला सुचला, तोही एका दुकानाच्या पाटीकडे बघता बघता. पाटी ॲक्रिलिकची होती, उठावाच्या अक्षरांची, आत दिवे. तो म्हणाला, "ताई, ही अक्षरं कापणारा माणूस रोज हेच तर करतो ना? कापणं, वाकवणं, चिकटवणं." आम्ही गाडीचा माणूस शोधत होतो आणि हवा होता प्लास्टिकचा माणूस.

पाच कंदीलकडे विचारत विचारत एका गल्लीत गेलो. आत ॲक्रिलिकच्या रंगीत शीट भिंतीला टेकवून ठेवलेल्या, जमिनीवर पांढरा भुगा, एका कोपऱ्यात लेझरचं मशीन, एका बाजूला नाव-पाट्या आणि ट्रॉफीचे ठोकळे. पन्नाशीचे दादा होते. त्यांनी काच शालीतून बाहेर काढली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पहिला प्रश्न विचारला तो असा, जो सकाळपासून कोणीच विचारला नव्हता. "ॲक्रिलिक आहे का पॉलिकार्बोनेट?"

मला माहीत नव्हतं. विकत घेताना 'अनब्रेकेबल' असं काहीतरी ऐकल्याचं आठवत होतं.

त्यांनी भेगेच्या कडेचा नखाएवढा ढलपा चिमट्यात धरून लायटरवर पेटवला. लायटर बाजूला नेला तरी तो जळत राहिला, तडतडत, धूर जवळजवळ नाही, आणि फळासारखा गोडसर वास. "ॲक्रिलिक," ते म्हणाले. पॉलिकार्बोनेट असतं तर ज्योत बाजूला नेल्यावर विझत गेलं असतं आणि काळी काजळी उडाली असती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय. आपण सगळ्यालाच 'काच' म्हणतो, मेकॅनिक 'ग्लास' म्हणतात, दुकानदार 'वायझर' म्हणतात, पण खाली असतात हे दोन वेगळे पदार्थ. पॉलिकार्बोनेट चिवट, दगड लागला तर खळगा पडेल पण सहसा तडकणार नाही. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वरून कडक थर देतात. ॲक्रिलिक ओरखड्यांना त्यापेक्षा बरं तोंड देतं, पारदर्शकही छान, पण ठिसूळ, आणि भोकाच्या कडेपासून तडकणं हा त्याचा स्वभाव. जोडायची रीत, भोक पाडायची रीत, सगळं यावर ठरतं.

मग त्यांनी काच दाराशी नेली, उन्हाकडे तिरकी धरली आणि मला बोलावलं. "इथं बघा. आणि इथं. या चारही बोल्टांच्या भोकाभोवती."

चारही भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा होत्या. केसाहून बारीक. सरळ पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, विशिष्ट कोनात धरलं की चमकत. तीन भोकांपाशी त्या नुसत्या बसून होत्या, चौथ्यापासून भेग निघाली होती.

"ताई, हाई दगडनं काम नही शे," ते म्हणाले. दगड लागला तो वर, भेग निघाली ती खालून. दगडाने फक्त धक्का दिला. भेगेची तयारी आधीपासून होती.

आणि ती तयारी माझ्या हातची होती. निघायच्या आधल्या रात्री मी बोल्ट पाहिले तर दोन ढिले लागले. आतले रबरी बुश वाळून फुटले होते. रात्री अकराला नवे कुठून आणणार? मी ते काढून टाकले, स्टीलचे वायसर घातले, पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकरचं निळं द्रव लावलं आणि ॲलन कीने घट्ट आवळलं. काळजी घेतल्याचं समाधान घेऊन झोपले. दादांनी एकेक करून सांगितलं तेव्हा लक्षात आलं की त्या एका रात्रीत मी तीन गोष्टी केल्या होत्या आणि तिन्ही काचेच्या विरोधात होत्या. रबर होतं ते थरथर पिऊन घ्यायला. स्टीलचा वायसर आवळला की सगळा दाब एका कड्यावर येतो. प्लास्टिक उन्हात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त पसरतं आणि थंडीत आकसतं, त्याला हलायला जागा लागते, म्हणून भोक बोल्टपेक्षा मोठं ठेवतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन यांत किती फरक असतो ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. आणि ते निळं द्रव धातूसाठी असतं. ताणाखाली असलेल्या अशा प्लास्टिकला लागलं की नेमक्या अशाच केसासारख्या रेघा पडतात.

आणखी एक सवय त्यांनी विचारून काढून घेतली. मी काच कशाने पुसते? घरातल्या खिडकीच्या निळ्या स्प्रेने. त्यात अमोनिया असेल तर तोही ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोघांनाही हळूहळू मारतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळेच. पाणी, थोडासा साबण आणि मऊ सुती कापड एवढंच चालतं. वाळलेले किडे खरवडायचे नाहीत, ओलं फडकं दहा मिनिटं वर टाकून ठेवायचं. मला वाईट वाटलं. दोन वर्षं मी ती लख्ख ठेवली होती.

आता त्यांनी काय केलं ते.

आधी टोक शोधलं. डोळ्याला दिसतं ते टोक खरं नसतं, भेग त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. त्यांनी मोबाइलचा टॉर्च काचेच्या कडेला लावला, तशी भेग रुपेरी दिसली आणि तिचं टोक आमच्या मार्करच्या रेघेच्या पुढे निघालं. तिथून किंचित पुढे त्यांनी खूण केली. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावली, खाली लाकडी ठोकळा घेतला, त्यावर काच दाबून धरायला भावाला सांगितलं. मग तीन मिलिमीटरचं बिट घेतलं आणि त्याची धार दगडावर घासून चक्क बोथट केली. ते पाहून सकाळच्या गॅरेजमध्ये माझा हात का पुढे गेला ते समजलं. धारदार बिट ॲक्रिलिकमध्ये घुसतं, रुतून स्वतःला खाली ओढतं आणि आरपार जाताना कड फोडतं. बोथट धार खरवडत जाते. ड्रिल अगदी हळू फिरवत, मध्ये मध्ये उचलत, पाण्याचा थेंब टाकत त्यांनी भोक पाडलं. जोर लावलाच नाही. वेग वाढवला असता तर ॲक्रिलिक तापून वितळलं असतं आणि बिटला गुंडाळलं असतं. भोक पूर्ण झालं तेव्हा भाऊ श्वास रोखून बसला होता.

मग बोल्टची चारही भोकं त्यांनी टेपर रीमरने, म्हणजे भोक रुंद करायच्या निमुळत्या हत्याराने, हाताने मोठी केली, सहाच्या बोल्टला नऊ मिलिमीटर. तसं करताना त्या केसासारख्या रेघांपैकी बऱ्याच भुग्याबरोबर निघून गेल्या. सगळ्या नाही.

जोडायला त्यांनी क्लोरोफॉर्म वापरलं. पाट्यावाले ॲक्रिलिकला हेच वापरतात. ते गोंदासारखं मध्ये बसत नाही, दोन्ही कडा विरघळवतं आणि त्या एकमेकांत मिसळून पुन्हा घट्ट होतात. बारीक सुईच्या सिरिंजने एकेक थेंब सोडला तसा तो भेगेत आपोआप ओढला गेला आणि पांढरी भेग डोळ्यांदेखत पारदर्शक होत गेली. आमच्या सकाळच्या गोंदाने मात्र अर्धी भेग अडवली होती. तो आधी कात्रीच्या टोकाने आणि पॉलिश पेपरने खरवडून काढावा लागला, आणि तिथला सांधा शेवटपर्यंत कच्चाच राहिला. हे काम त्यांनी दुकानाबाहेर ओट्यावर केलं. वाफ डोक्यात जाते, आम्हालाही त्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं. बोल्टच्या भोकांजवळ मात्र त्यांनी एक थेंबही जाऊ दिला नाही, कारण तिथे आधीच ताण होता आणि क्लोरोफॉर्मने त्या रेघा आणखी उघडल्या असत्या.

वरून आधाराला तीन मिलिमीटर शीटची दोन बोटं रुंद पट्टी कापली. काच गोलाईची, पट्टी सपाट. हीट गनने पट्टी गरम केली, ती ओल्या पापडासारखी मऊ पडली, तशीच फडक्याने काचेच्या आतल्या बाजूला दाबून गोलाई घेतली, थंड होऊ दिली आणि मग क्लोरोफॉर्मने बसवली. भेगेचा आधीचा प्रवास आता पट्टीखाली होता, शेवटचं गोल भोक उघडं ठेवलं होतं. पट्टी नजरेच्या खूप खाली डावीकडे येत होती म्हणूनच हे चालणार होतं. डोळ्यांसमोर आली असती तर त्यांनीच नाही म्हटलं असतं. तशीही काच इतकीच उंच असावी की रस्ता तिच्यावरून दिसावा, तिच्यातून नाही.

रबरी बुश मिळेनात, तेव्हा समोरच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणला. दादांनी त्याचे आठ वायसर कापले, चार आतून, चार बाहेरून, आणि बोल्टभोवती गुंडाळायला चार पट्ट्या. सगळे मिळून तीनशे रुपये घेतले. मी पाचशेची नोट पुढे केली तर दोनशे परत माझ्या हातात ठेवले.

"आज बसवू नका. रात्रभर राहू द्या," असं मात्र त्यांनी बजावलं.

म्हणून मुक्काम देवपूरला मावशीकडे पडला. तिने भरताची वांगी भाजायला घेतली, कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि काच तिच्या दिवाणावर उशीला टेकून होती. मावशीने नातवाला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही.

सकाळी मीच बसवली. बोल्ट हाताने फिरवले, रबर किंचित फुगेपर्यंत, आणि त्यानंतर अर्धा आटा. बाबांनी फोनवर विचारलं, "हलते का?" मी म्हटलं, "थोडी हलते." म्हणाले, "हलू दे." मी भोकाच्या पुढच्या कडेला मार्करने बारीक रेघ ओढली आणि तारीख घातली.

साक्रीपर्यंत काही झालं नाही. पण साक्रीच्या पठारावर वारा वेगळाच आहे. ब्राह्मणवेल, छडवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. दहिवेलच्या दिशेने जाताना आडवा वारा सुरू झाला आणि काच किंचित थरथरायला लागली. मी वेग साठवर आणला. साठऐवजी नव्वदला गेलं तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा दाब सव्वादोनपट. तो सगळा दाब शेवटी चार बोल्टांवर आणि एका जोडावर येणार. हा हिशेब मनात असला की हात आपोआप सैल होतो. कोंडाईबारी घाटाच्या आधी थांबले, पाहिलं. रेघ आणि भोक यांच्यामध्ये काही नव्हतं. घाट उतरून विसरवाडीला पुन्हा पाहिलं. तिथे उजव्या खालच्या बोल्टजवळ मला एक रेघ चमकलेली दिसली. धुळ्यात राहून गेलेल्यांपैकी होती की नवी, सांगता येईना. तिच्याही टोकाला खूण केली आणि तो बोल्ट पाव आटा सैल केला.

नवापूरला पेट्रोल भरताना पंपावरच्या मुलाने आपणहून काच पुसायला फडकं उचललं. त्याच फडक्याने त्याने आधी टाकीवर सांडलेलं पेट्रोल पुसलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच. तो बिचारा दचकला. त्याला थांबून सगळं सांगितलं, पट्टी दाखवली, भोक दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि मग बाटलीतलं पिण्याचं पाणी आणून दिलं.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर राज्याची हद्द फलाटावरूनच जाते, अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. भावाला त्यावर बसून फोटो हवा होता. तो फोटो काढत असताना मी गाडीपाशीच राहिले आणि पुन्हा एकदा टॉर्च लावून पाहिलं. मग पलीकडे गेलो.

बाराव्या दिवशी परतताना धुळ्यात शिरलो ते थेट त्या गल्लीत. गाडीवर दोन हजार दोनशेच्या आसपास किलोमीटर वाढले होते. मधल्या काळात मी रोज सकाळी थंडीत आणि रोज दुपारी उन्हात पाहत आले होते. विसरवाडीची ती रेघ तिसऱ्या दिवशी गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकली आणि थांबली. कच्चा सांधा एका ठिकाणी उघडला होता, पट्टीने धरून ठेवला होता.

दादा ट्रॉफीच्या ठोकळ्यावर नाव कोरत होते. मशीन बंद करून बाहेर आले, गाडीपुढे उकिडवे बसले, मोबाइलचा टॉर्च काचेच्या कडेला धरला. मार्करची रेघ पुसट झाली होती, तारीख अर्धीच वाचता येत होती. त्यांनी भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा.

"थांबनी बरं ताई," ते म्हणाले.